२५० गॅलनच्या टाकीचा ट्रेलरवरचा स्मोकर: तोंड केवढं ठेवावं, अ‍ॅक्सल कुठे घ्यावा?

कढईवाला (ह्यूस्टन):

मंडळी, प्रोपेनच्या जुन्या २५० गॅलन टाकीचा ऑफसेट स्मोकर (आग बाजूच्या पेटीत, मांस टाकीत धुरावर) करून ट्रेलरवर बसवायचा आहे. टाकी ३० इंच व्यासाची, या टोकापासून त्या टोकापर्यंत ९२ इंच, दोन्ही टोकं अर्धगोल. मधला सरळ नळकांडीचा भाग ६२ इंच. फायरबॉक्ससाठी, म्हणजे आगीच्या पेटीसाठी, पाव इंची प्लेट, ट्रेलरसाठी ४ इंची चॅनल, ५ बाय १० फुटांचा सांगाडा असा विचार आहे. वापर पिकनिकपुरता: ८० माणसं, चिकन लेग क्वार्टर्स, पोर्क शोल्डर, जमलं तर बकऱ्याचा खांदा.

अडलंय ते असं. टाकी कापण्याआधी नेमकं काय करायचं? फायरबॉक्स आणि त्यातून टाकीत उघडणारं आतलं तोंड केवढं? रिव्हर्स फ्लो (धूर आडव्या प्लेटखालून टोकाला जाऊन जाळीवरून परत फिरतो) करावा की सरळ? आणि अ‍ॅक्सल कुठे घ्यावा? जिथे विचारावं तिथे “६०-४०” एवढंच उत्तर मिळतं. ते कशाचे ६० हे कुणी सांगत नाही.

लोखंडी_पान:

आधी टाकी, कारण चूक झाली तर जिवावर बेतते ती इथेच.

“रिकामी आहे, वर्षभर उघडी पडली होती” यावर विश्वास ठेवू नका. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाला बसून राहतो. त्याहून वाईट म्हणजे तळाशी साचलेला तेलकट गाळ. थंड असताना त्याला नुसता वास येतो, पण कापताना पत्रा तापला की त्याची वाफ होते. हवेत २ ते साडेनऊ टक्के प्रोपेन असला की एक ठिणगी पुरते. वासावरूनही काही ठरवू नका. वास नंतर मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. तो गंजात मुरून गॅस गेल्यावरही येत राहतो, आणि उलट नाक सरावलं की गॅस असूनही येत नाही.

उरलेला गॅस प्रोपेन पुरवणाऱ्याकडूनच काढून घ्या, अंगणात झडप उघडून सोडू नका. मग सगळ्या झडपा आणि गेज काढून टाका. पितळी झडपांवर निळा-हिरवा थर असेल तर त्या टाकीत कधीतरी अमोनिया भरला गेला होता. ती घेऊच नका. आतून भांडी घासायचा साबण आणि गरम पाण्याने दोन-तीनदा खळबळून घ्या, गाळ बाहेर येईपर्यंत. शेवटी काठोकाठ पाणी भरा. इथे एक हिशोब विसरला जातो: २५० गॅलन पाणी म्हणजे जवळपास २,०८५ पौंड. टाकीसकट अडीच हजाराच्या वर. म्हणून हे काम जमिनीवर, जाड लाकडी ओंडक्यांमध्ये टाकी अडकवूनच करायचं, लाकडी घोड्यांवर (स्टँडवर) नाही आणि ट्रेलरवर तर नाहीच. पहिला छेद पाणी भरलेलं असताना, बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरने. वायरचा ग्राइंडर आणि पाणी एकत्र आणू नका. पाणी सोडल्यावर प्रत्येक वेळी गॅस डिटेक्टर आत घालून पाहा. गाडीचा धूर आत सोडून टाकी “सुरक्षित” करायची युक्ती लोक सांगतात, तिच्या नादी लागू नका.

हे सगळं जड वाटत असेल तर धुऊन, कापून विकणाऱ्याकडून टाकी घ्या. थोडे पैसे जास्त जातील.

आता दरवाजे. सरळ भाग ६२ इंच, त्यात प्रत्येकी २६ इंचांचे दोन दरवाजे, मध्ये ४ इंच पट्टा, दोन्ही कडांना ३-३ इंच. उंची कमानीवर मोजून २४ इंच, म्हणजे घेराचा साधारण चतुर्थांश. खालची कड जाळीच्या एक इंच वर.

चारही बाजू एकदम कापल्यात तर दरवाजा हातात येईल, पण परत बसणार नाही. गोल वळवलेल्या पत्र्यात ताण दडलेला असतो. कापला की तुकडा थोडा उघडतो आणि मागचं भगदाड आत-बाहेर सरकतं. म्हणून आधी फक्त बिजागरीच्या बाजूची वरची कड कापा, बिजागऱ्या जागेवर पक्क्या वेल्ड करा, मग उरलेल्या तीन कडा कापा. त्या कापण्यापूर्वी दरवाजावर कमानीच्या मापाने वळवलेल्या दोन पट्ट्या टॅक करून (ठिपक्यांनी तात्पुरत्या वेल्ड करून) ठेवा म्हणजे वळण टिकतं. शेवटी दीड इंच रुंद, १/८ इंची पट्टी कडेने फिरवा, अर्धी दरवाजावर, अर्धी बाहेर. वेल्ड ३-३ इंचांचे तुकडे सोडून सोडून, आळीपाळीने. सलग ओढलात तर दरवाजा केळ्यासारखा वळलाच म्हणून समजा.

जाळी, बोल्ट, पट्टी, काहीही गॅल्व्हनाइज्ड नको. जस्ताचा धूर वेल्डिंग करतानाही वाईट आणि खाण्याजवळ तर नकोच.

ठिणगी_माणिक:

मापांचं मी घेतो.

फायरबॉक्सच्या बाजूचा अर्धगोल वेल्डच्या रेषेवर कापून काढा आणि तिथे सपाट प्लेट लावा. घुमटाला चौकोनी पेटी बसवायची म्हणजे तिची कड घुमटाच्या वळणावर कातरावी लागते, आणि त्या सांध्यातून पुढे धूर गळत राहतो. घुमट काढल्यावर टाकी ७७ इंच लांब उरते, आतली जागा अंदाजे ५०,९०० घन इंच.

जुना ठोकताळा असा: फायरबॉक्स याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे १७,००० घन इंच. २६ बाय २६ बाय २५ ची पेटी बरोबर बसते. आतल्या तोंडाचं क्षेत्रफळ फायरबॉक्सच्या ०.००४ पट, म्हणजे ६८ चौरस इंच. इथवर ठीक. धुराड्याचं आकारमान मात्र हाच ठोकताळा ०.०१७ पट सांगतो, म्हणजे २८९ घन इंच. ६ इंची पाइप घेतला तर उंची येते जेमतेम १० इंच! एवढ्या बोटभर धुराड्याला ओढ कुठून येणार? पुष्कळ घरगुती स्मोकरमधून पांढरा, कडू धूर निघतो त्याचं कारण इथे आहे. लोक लाकडाला दोष देतात. खरं तर आग गुदमरलेली असते.

६ इंची पाइप घ्या आणि किमान ३६ इंच उंच ठेवा. ६ इंची पाइपाचं तोंड २८ चौरस इंच भरतं. हवा आत येण्याच्या झडपा मिळून निदान तेवढंच क्षेत्रफळ द्या. तोंड ६८ ऐवजी २२ बाय ४, म्हणजे ८८ ठेवलंत तरी बिघडत नाही. मोठं झालं तर पट्टी लावून लहान करता येतं, उलटं करायला पुन्हा कापाकापी.

धुराडं कुठून काढायचं यावर सगळं जेवण अवलंबून आहे. टाकीच्या माथ्यावर भोक पाडलं तर गरम हवा वरच्या वर पळते आणि जाळीवर मांस थंड बसतं. फायरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, जाळीच्या पातळीवर भोक घ्या. बाहेरून पेटीसारखं तोंड वेल्ड करा आणि त्यातून पाइप वर न्या.

जाळी मध्यरेषेवर, तळापासून १५ इंचांवर, म्हणजे पूर्ण ३० इंच रुंदी मिळते. तोंडाची वरची कड जाळीच्या १ इंच खाली, खालची कड तळापासून १० इंच वर. ते १० इंच मोलाचे आहेत. तोंड तळाला टेकवलं तर चरबी वाहत आगीत जाते आणि मग टाकीच्या आत भडका.

रिव्हर्स फ्लोबद्दल. त्यात तळापासून ५ इंचांवर आडवी प्लेट येते. त्या उंचीला टाकीची रुंदी २२.४ इंच, प्लेटखालचा कमानीचा तुकडा ७७ चौरस इंच भरतो, म्हणजे क्षेत्रफळ जमतं. अडचण उंचीची आहे. तोंड तळाला गेलं की फायरबॉक्सही १० इंच खाली उतरतो. सरळ प्रकारात टाकीचा तळ जमिनीपासून २४ इंचांवर ठेवला तर जाळी ३९ इंचांवर येते, हाताला बरोबर, आणि फायरबॉक्सचा तळ जमिनीपासून १४ इंच राहतो. रिव्हर्समध्ये तोच ४ इंचांवर येतो. पहिल्याच स्पीडब्रेकरला घासेल. टाळायला टाकी १० इंच उचललीत की जाळी ४९ इंचांवर, आणि पोर्क शोल्डर खांद्याच्या उंचीवरून उलटवत बसायचं. ट्रेलरचं वजनही वर सरकतं. शिवाय आडवी प्लेट तापून फुगते. एवढी लांब प्लेट ३०० अंश फॅरनहाइटने तापली की दीड दशांश इंचाच्या जवळपास वाढते. चारी बाजूंनी घट्ट वेल्ड असेल तर जाईल कुठे? पोट काढते.

मी सरळ प्रकारच सांगेन. फायरबॉक्सकडची बाजू २५ ते ५० अंशांनी जास्त तापेल, ती कमी करायला तोंडासमोर १२ इंचांची तिरकी पट्टी द्या. तरी फरक राहिला तर जाळीखाली पाव इंची सुट्या पट्ट्या टाका, आगीकडे जवळजवळ आणि धुराड्याकडे लांब लांब.

कढईवाला:

धन्यवाद, धुराड्याचा हिशोब डोळे उघडणारा आहे. माझ्या कागदावर ४ इंची पाइप होता. पाव इंची प्लेट फायरबॉक्सला पुरेल की ३/८ घेऊ? आणि एवढ्या जाळीवर ८० लेग क्वार्टर्स बसतील का?

ठिणगी_माणिक:

मधली जाळी साधारण २८ बाय ७२, म्हणजे २,००० चौरस इंच. एका लेग क्वार्टरला ४५ चौरस इंच सोडा, ४४ बसतील. वर ८ इंचांवर २० इंच रुंद दुसरी जाळी टाका, ३२ आणखी. एकूण ७६. उरलेले चार पहिल्या खेपेतले निघाले की.

प्लेट पाव इंची पुरते. फक्त तळ ३/८ घ्या, निखारे त्यावर पडून तोच आधी झिजतो. आगीची जाळी एक्सपांडेड मेटलची (चिरा पाडून ताणलेल्या पत्र्याची) करू नका, दोन-चार वेळा लाल झाली की झोळीसारखी लोंबते. दीड इंची अँगल उलटे, धार वर करून, पाऊण इंच सोडून लावा आणि तळापासून ५ इंच उचला. राख खाली पडली पाहिजे आणि हवा खालून वर आली पाहिजे. जाळी वेल्ड करू नका, सुटी ठेवा.

आडवा_चॅनल (डॅलस):

आता ट्रेलर. “६०-४०” म्हणजे सांगाड्याच्या लांबीचे ६० टक्के अ‍ॅक्सलच्या पुढे. सामान सारखं पसरलेल्या साध्या ट्रेलरला ते चालतं. तुमच्या ट्रेलरच्या शेपटीला ४०० पौंडांची चूल लटकतेय, त्यामुळे तो नियम विसरा आणि वजनं मांडा.

बॉलपासून, म्हणजे गाडीच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो तिथून, इंच मोजायचे. टाकी, दरवाजे आणि जाळ्या ६०० पौंड, मध्य ८९ इंचांवर. फायरबॉक्स ४०० पौंड, १४० वर. सांगाडा ३०० पौंड, ८५ वर. पुढच्या जिभेवर (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या दांड्यावर) सरपणाची पेटी, भरलेली १५० पौंड, ३८ वर. प्रत्येक वजन गुणिले अंतर, बेरीज १,४०,६००. एकूण वजन १,४५०. भागलं की तोल ९७ इंचांवर. अ‍ॅक्सल, चाकं, स्प्रिंग मिळून आणखी ३०० धरले.

जिभेवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवेत. अ‍ॅक्सल ११२ इंचांवर ठेवला तर जिभेवर १९४ पौंड, ११ टक्के. छान वाटतं. पण हे सरपण भरलेलं असताना. दिवसभर शिजवून संध्याकाळी परत निघताना ते १५० पौंड जळून गेलेले असतात, आणि ते नेमके जिभेवरचे! तोल मागे सरकून १०४ वर जातो, जिभेवर उरतात ९५ पौंड, ६ टक्केसुद्धा नाहीत. मग हायवेवर ६० च्या वेगाला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. सकाळी येताना नीट आलेला ट्रेलर संध्याकाळी का डोलतो, याचं उत्तर हे.

अ‍ॅक्सल ११९ वर घ्या. भरलेला असताना १५ टक्के, रिकामा असताना १०. दोन्ही टोकं हद्दीत. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमची वजनं वेगळी येतील. म्हणून स्प्रिंगचे हँगर आधी फक्त टॅक करा, सगळं चढवा, जिभेखाली काटा ठेवून दोनदा मोजा, सरपणासह आणि सरपणाविना, मगच पक्कं वेल्ड.

एकूण पावणेदोन हजार पौंडांच्या आसपास, त्यामुळे ३,५०० पौंडांचा एकच अ‍ॅक्सल पुरे. एसटी २०५/७५ आर १५ टायर. एसटी म्हणजे ट्रेलरचेच, गाडीचे जुने टायर लावू नका. टेक्ससमध्ये एकूण ४,५०० पौंडांच्या वर ब्रेक सक्तीचे होतात, तुम्ही खूप खाली आहात. नोंदणीचं काउंटीच्या टॅक्स ऑफिसात काम सुरू करण्यापूर्वीच विचारून घ्या. घरगुती ट्रेलरचे कागद प्रत्येक राज्यात निराळे. सेफ्टी चेन जिभेखाली फुली मारून. दिव्यांचा ४ तारांचा प्लग: पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावी, हिरवी उजवी. पांढरी तार रंगावर नाही, घासलेल्या लोखंडावर जोडा. “दिवे लागत नाहीत” यातल्या निम्म्याअधिक तक्रारी तिथे मिटतात.

दोन गोष्टी राहिल्या. फायरबॉक्स सांगाड्याच्या पातळीखाली उतरतो, तेव्हा त्या जागी आडवा चॅनल नको, एक त्याच्या पुढे, एक अगदी मागे. चाकाचा मागचा भाग फायरबॉक्सच्या सुरुवातीच्या समोर येतो. मध्ये दीड फूट अंतर असलं तरी एक उभा पत्रा आड लावा आणि मडगार्ड लोखंडीच घ्या, प्लास्टिकचं नको.

आणि टाकी दोन्ही पायांवर वेल्ड करू नका. फायरबॉक्सकडचा पाय पक्का, पुढचा लांबट भोकात बोल्टवर. २०० अंशांनी तापली की टाकी दशांश इंच वाढते. दोन्हीकडे जखडली तर पायाचा वेल्ड फुटतो, आणि कुठे फुटतोय ते लवकर कळतही नाही.

गोवऱ्या_आणि_राख:

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एकेरी फायरबॉक्सशी नाही. वाऱ्यात आणि हिवाळ्यात पाव इंची एकेरी पेटी सरपण खाते. बाहेरून १२ गेजचा पत्रा आणि मध्ये दीड इंच मिनरल वूल भरलं तर आग शांत राहते, लाकूड टाकण्यातलं अंतर वाढतं, आणि बाहेरचा पत्रा कमी तापतो, पोरं आजूबाजूला फिरत असतील तर हेही बघा. भिंती जोडायला सलग पट्टी वापरू नका, चार-पाच ठिकाणी लहान तुकडे पुरतात, नाहीतर उष्णता पट्टीवाटे बाहेर येतेच.

आडवा_चॅनल:

चालेल, पण तो पत्रा १३० पौंड वाढवतो, आणि सगळे अ‍ॅक्सलच्या मागे. अ‍ॅक्सल ११९ ऐवजी १२२ वर न्या. टक्केवारी परत १५ आणि १० येते.

लोखंडी_पान:

चरबी काढायच्या नळाबद्दल कुणी लिहिलं नाही. टाकीच्या तळाला धुराड्याकडच्या टोकाशी, म्हणजे पुढे, दीड इंची सॉकेट वेल्ड करा आणि ६ इंच लांब निपल (आटे असलेला पाइपचा तुकडा) लावून मग बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह थेट टाकीला चिकटवला तर आतलं टेफ्लॉन तापून जातं. टाकी त्या टोकाकडे अर्धा इंच उतरती बसवा. थंडीत चरबी गोठून निपल बुजतो, म्हणून शिजवणं संपल्यावर टाकी गरम असतानाच पुढचा जॅक थोडा उतरवून निथळून घ्या.

ठिणगी_माणिक:

पहिली आग रिकाम्या टाकीवर. ४०० अंशांवर (सगळे अंश फॅरनहाइट) दोन-तीन तास. रंगाचा, कटिंग ऑइलचा, मर्कॅप्टनचा जो काय वास असेल तो निघून जाऊ द्या. थंड झाल्यावर आतून खाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात, मग २७५ अंशांवर तीन तास. जाड लावलंत तर चिकट पापुद्रे धरतात आणि पुढे मांसावर पडतात. फायरबॉक्सला बाहेरून रंग देऊ नका, हीटप्रूफ म्हणून विकला जाणारासुद्धा तिथे उडतोच. गरम असताना तेलाचा बोळा फिरवत राहायचं.

मग ब्रेडच्या स्लाइस संपूर्ण जाळीवर मांडा आणि २५० अंशांवर अर्धा तास ठेवा. कुठे करपल्या, कुठे पांढऱ्या राहिल्या ते बघून पट्ट्या सरकवा. दरवाजावरच्या थर्मामीटरला फार मानू नका, तो जाळीच्या वरची हवा मोजतो. जाळीच्या पातळीवर दोन्ही टोकांना एकेक प्रोब ठेवा.

लाकूड पोस्ट ओक, तुमच्याकडे सहज मिळतं. वाळलेलं, पण हाडासारखं नाही, १५ ते २० टक्के ओल बरी. १६ इंच लांब, मनगटाएवढी फाळकी. पुढची दोन फाळकी फायरबॉक्सच्या माथ्यावर तापत ठेवा. थंड लाकूड आगीत टाकलं की दहा मिनिटं पांढरा धूर काढतं. आग कमी करायची असेल तर लाकूड कमी टाका, धुराड्याचं झाकण बंद करू नका. झाकण फक्त काम झाल्यावर.

लेग क्वार्टर्सना आत १६५ अंश ही सुरक्षिततेची हद्द, चवीला १८० च्या आसपास नेलेले बरे. शोल्डर १९५ ते २०३.

कढईवाला:

शेवटचं. निम्मी मंडळी शाकाहारी. वरच्या जाळीवर कणसं आणि पनीर ठेवलं तर?

गोवऱ्या_आणि_राख:

वरची जाळी ही तर चरबीच्या वाफेची जागा, आणि टाकीचा माथा थेंब थेंब गाळत असतो. जाळी वेगळी म्हणून काही वेगळं होत नाही. फायरबॉक्सच्या माथ्यावर चार अँगलचे पाय लावून लोखंडी तवा बसवा, बाहेरच्या बाहेर. दुहेरी पेटी केलीत तर माथा मात्र एकेरीच ठेवा. कणसं, पनीर, वांगी तिथे भाजता येतील, आणि चिमटा त्यांचा वेगळा.